एओविन, ताई आणि एक हक्कसोडपत्र

गेल्या आठवड्यात ऑफिसात जेवणाच्या टेबलावर एक नेहमीचाच टाइमपास चालला होता. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधलं तुमचं आवडतं पात्र कोणतं? टेबलावर सगळे तिशीच्या आतले, मी एकटाच चाळिशी ओलांडलेला. गँडाल्फला दोन मतं, लेगोलसला एक, सॅमला एक (सॅम म्हणणारा माणूस टीममध्ये असावा, कामाचा असतो). मी म्हटलं, एओविन.

“अरे हो! ती हेल्मेट काढते तो सीन! जबरदस्त!”

मी मान डोलावली. सुट्टीची दहा मिनिटं उरली होती आणि आमटी गार होत होती. पण खरं सांगायचं तर कारण ते हेल्मेट नाही. कारण सांगायला दहा मिनिटं पुरली नसती. आज शनिवार आहे, चहा झालाय, बायको-पोरगी अजून झोपलेत. तर सांगतो.

ज्यांनी वाचलं-पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉल्किनची ही कादंबरी १९५४ आणि १९५५ मध्ये तीन भागांत आली आणि पीटर जॅक्सनने २००१ ते २००३ मध्ये तिचे तीन सिनेमे काढले. त्यात रोहान नावाचं घोडेस्वारांचं एक राज्य आहे. तिथला म्हातारा राजा थेओडेन. त्याचा भाचा एओमर आणि भाची एओविन. ही भावंडं लहानपणीच पोरकी झालेली, मामाने वाढवलेली. राजाचा सल्लागार ग्रीमा आतून शत्रूला फितूर. त्याने कान भरून भरून राजाला पार खचवून टाकलेलं, काठी टेकत सिंहासनापर्यंत यायचं एवढंच काय ते राज्य उरलेलं. भाचा घोड्यावर, सीमेवर, लढाईत. आणि भाची? ती राजाच्या खुर्चीमागे उभी.

पुढे ती पुरुषाचा वेश घालून, दुसरं नाव घेऊन युद्धाला जाते. कोणाही पुरुषाच्या हातून मरणार नाही असं भाकीत असलेल्या नाझ्गुलांच्या म्होरक्याला मेरी नावाच्या एका हॉबिटच्या मदतीने मारते. हाच तो हेल्मेटवाला सीन. २००४ मध्ये सांगलीला हॉस्टेलवर एका मित्राच्या कॉम्प्युटरवर आम्ही नऊ जणांनी तो बघितला होता. शिट्ट्या वगैरे सगळं झालं. त्या वयात अर्थातच मी अरागॉर्न होतो. आम्ही नऊच्या नऊ जण अरागॉर्न होतो.

आता दापोडी.

आमचं घर स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर. लोणावळा लोकल गेली की भांड्यांच्या मांडणीतला एक ठरावीक पेला वाजतो, अजूनही. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते, बॉडी बिल्डिंगला. शाळेत हे सांगितलं की पोरं बाबांचे दंड बघायला घरी यायची, मग समजवावं लागायचं की बॉडी बसची, बाबांची नव्हे. अॅल्युमिनियमचे पत्रे, रिव्हेट, सगळा हाताचा खेळ. रस्त्याने लाल गाडी गेली की बाबा ती वळेपर्यंत बघत राहायचे. कुठला पत्रा नीट बसला नाही ते त्यांना लांबून कळायचं.

आई २००० साली गेली. मी बारावीत, ताई माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, बी.कॉम.ला. त्याच वर्षी मी सांगलीला गेलो. ताईने बी.कॉम. पूर्ण केलं, भोसरीत एका कारखान्यात अकाउंट्सला लागली आणि घर चालवायला लागली. ‘चालवायला लागली’ हे मी आज म्हणतोय. तेव्हा माझ्या डोक्यात घर आपोआप चालायचं.

२००९ च्या मार्चमध्ये बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. सुरुवातीला महिन्याभराची रजा म्हणून ताई घरी बसली. महिन्याचे तीन महिने झाले आणि मग नोकरीचा विषय निघेनासा झाला. २०१० मध्ये मला न्यू जर्सीचं ऑनसाइट मिळालं. मी जाऊ की नको विचारलं. म्हणजे विचारलं असं म्हणायचं. तिकिटं आली होती. ताई म्हणाली, “जा की. इथे दोघं बसून काय करणार? पैसे लागतीलच.”

ते खरंच होतं. पैसे लागतच होते आणि मी दर महिन्याला न चुकता पाठवत होतो. चार वर्षं मी तिकडे होतो. दर रविवारी स्काइपवर बाबा दिसायचे, स्वच्छ दाढी केलेले, इस्त्रीच्या शर्टात, उशीला टेकून. ताई लॅपटॉप धरून मागे उभी.

खुर्चीच्या मागे उभी. पण हे तेव्हा सुचलं नाही हो. तेव्हा मी रविवारचा कॉल झाला की मनातल्या मनात स्टेटस ग्रीन करून टाकायचो.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे एका वाक्यात कळेल. नवं फीचर करणाऱ्यांची पार्टी होते, प्रॉडक्शन सपोर्टवाल्याला रात्री तीनचा फोन येतो. सगळं नीट चाललंय तोवर तो आहे हेच कोणाला माहीत नसतं. आणि नीट चाललंय हेच त्याचं काम असल्यामुळे त्याने केलेलं काही दाखवताही येत नाही. बाबा गेले तोपर्यंत, म्हणजे २०१७ च्या एप्रिलपर्यंत, त्यांच्या पाठीला एकही बेडसोर झाला नाही. आठ वर्षं. डॉक्टरांनी मला ते दोनदा सांगितलं, मी “अरे वा” म्हटलं. बेडसोर होऊ नये म्हणून अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, हे मला माहीत होतं. दिवसाही, रात्रीही. बारा, दोन, चार, सहा. मला वाटलं असावं की कुठेतरी क्रॉन जॉब लावलेला आहे.

सिनेमात एओविनचं अरागॉर्नवर मन जडतं ते पुष्कळ दाखवलंय, त्यामुळे बऱ्याच जणांना तेच आठवतं. पुस्तकातले दोन प्रसंग मात्र मला पहिल्या वाचनात (नोकरी लागल्यावर, पहिल्या पगारातून घेतलेला जाडजूड ठोकळा) अजिबात दिसले नव्हते. गेल्या वर्षी तोच ठोकळा पुन्हा काढला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोडीचं मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून ताईकडे जाताना गाडी काढत नाही आणि वाचायला वेळ मिळतो. तर ते दोन प्रसंग.

पहिला. राजा बरा होऊन लढाईला निघालाय. मुलगा मेलेला, म्हणून एओमरला वारस नेमतो, पण एओमरही बरोबर येणार. मागे राहिलेल्या प्रजेचं कोण बघणार? राजा विचारतो, तुमचा भरवसा कोणावर? शेवटी दाराशी पहारा करणारा हामा म्हणतो, तुमच्या घराण्यावर. राजा म्हणतो, एओमरला तर मी सोडू शकत नाही आणि तोच या घराण्यातला शेवटचा. त्यावर हामा शांतपणे सांगतो की मी एओमर म्हटलंच नव्हतं, आणि तो शेवटचाही नाही. त्याची बहीण आहे.

म्हणजे बघा, इतकी वर्षं जी खुर्चीच्या मागे उभी होती ती घराण्यात मोजायचीच राहून गेली होती. मामाच्या लक्षात नाही. भाऊ तिथेच होता, तोही बोलला नाही. बोलला कोण, तर दारवान. दाराशी उभा असतो ना, त्याला दिसत असतं घरात कोण येतं-जातं आणि कोण कधीच बाहेर जात नाही.

दुसरा प्रसंग युद्धानंतरचा. एओविन शुश्रूषागृहात बेशुद्ध पडलीय. भाऊ उशाशी. त्याला काही केल्या कळत नाही की ही एवढी मरणावर उदार का झाली. त्याचं म्हणणं साधारण असं की राजाच्या आजारपणात ती काळजीत असायची, पण ते तर आम्ही सगळेच होतो. तेव्हा गँडाल्फ त्याला सुनावतो. तुला घोडे होते, मोकळं रान होतं, पराक्रम होता. हिची हिंमत तुझ्याहून तसूभर कमी नाही, पण हिच्या वाट्याला आलं ते मायेच्या म्हाताऱ्या माणसाचं रोज थोडं थोडं ढासळणं बघत त्याच्या काठीसारखं उभं राहणं. रात्रीच्या जागरणांत हिचं काय होत होतं ते तुला कुठे ठाऊक आहे, अशा अर्थाचं. एओमर काहीच बोलत नाही. नुसता बहिणीकडे बघत बसतो, सगळे मागचे दिवस पुन्हा तपासल्यासारखा.

हे मी फुगेवाडी आणि दापोडीच्या मधे वाचलं. बोपोडीला उतरलो.

टॉल्किनला हे कुठून सुचलं असेल? त्याचे वडील तो चार वर्षांचा असताना गेले, आई बारा वर्षांचा असताना. पहिल्या महायुद्धात १९१६ मध्ये तो सोमच्या लढाईत होता आणि ट्रेंच फीवरने आजारी पडून इंग्लंडला परत आला, पुढे इस्पितळात पडून राहिला. खाटेवर पडलेल्या माणसाला खाटेशेजारचं माणूस दिसतं. मी अरागॉर्न नव्हतो. मी सरळसरळ एओमर होतो, फक्त घोड्याऐवजी एच-वन-बी.

हे सगळं नुसतं ‘वाटलं’ असतं तर लिहिलं नसतं. पण त्याच आठवड्यात माझ्या बॅगेत पुस्तकाच्या शेजारी एक प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. दापोडीची आमची बिल्डिंग जुनी झालीय, रिडेव्हलपमेंटची बोलणी चाललीयत, त्यामुळे बाबांच्या नावावरचं घर वारसांच्या नावावर करायला हवं होतं. काका म्हणाले, “त्यात काय, पोरीचं हक्कसोडपत्र करून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. घरात आता कर्ता तू एकटाच.” वकिलांनी मसुदा करून दिला. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, “कधी येऊ सहीला? महिनाअखेर सोडून ठेव.”

बापाच्या स्वकष्टाच्या घरात मुलीचा मुलाएवढाच वाटा असतो, हा कायदा १९५६ चा आहे. वडिलोपार्जित मिळकतीतही महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, देशभरात २००५ मध्ये आला. कायद्यात काही बग नाही. बग हा आहे की वाटा सोडायचा कागद बहीणच सही करणार असं सगळे धरून चालतात, आणि बहीणही धरून चालते. काका काही वाईट नाहीत हो. थेओडेनही वाईट नव्हता. एओमर शेवटचा, एवढंच म्हणाला होता.

त्या संध्याकाळी ताईकडे गेलो तेव्हा फोल्डर बाहेर काढलंच नाही. सोसायटीची जुनी पावती शोधायला कपाट उघडलं आणि त्यात वह्यांचा गठ्ठा सापडला. दोनशेपानी, अकरा. बाबांच्या वह्या. तारीख, वेळ, बीपी, गोळी, किती खाल्लं, कुठल्या कुशीवर. अकाउंट्सवालीचं अक्षर, रेघा मारून रकाने पाडलेले. मी चाळत होतो. २०११ च्या एका पानावर बीपीच्या शेजारी, रकान्याच्या बाहेर, लहान अक्षरात लिहिलेलं होतं: “गेटच्या बाहेर गेले नाही. ४३ दिवस.”

एवढंच. पुढच्या ओळीवर पुन्हा गोळी.

२०११ मध्ये मी काय करत होतो ते मी तपासलं. फोटो आहेत. नायगारा.

ताईला मी विचारलं, “हे काय गं?” ती चष्मा वर करून बघून म्हणाली, “पावसाळा होता. बदली बाई गावी गेली होती.” आणि वही घेऊन परत गठ्ठ्यात ठेवली.

मग मी तिला एओविनची गोष्ट सांगितली. सगळी. (त्याआधी मुग्धा कर्णिकांनी केलेला मराठी अनुवाद, ‘स्वामी मुद्रिकांचा’, तिला आणून दिला होता. तो साठ पानांवर थांबलाय. “नावं फार आहेत रे. लेजर उघडल्याशिवाय लक्षात राहायची नाहीत.”) हामाचं सांगितलं, पिंजऱ्याचं सांगितलं. एओविनला सगळ्यात भीती वाटते ती पिंजऱ्याची, आणि त्याहून जास्त, एक दिवस पिंजऱ्याची सवय होऊन जाईल याची. ताई भेंडी चिरत ऐकत होती.

“मग पुढे काय झालं तिचं?”

“त्या शुश्रूषागृहात तिला फारामिर भेटतो. तोही जखमी. हळूहळू बरी होते, लग्न करते. आणि म्हणते, आता तलवार नको, यापुढे मी लोकांना बरं करीन.”

“अगं बाई. म्हणजे परत सेवाच?”

मला हसू आलं. या शेवटावर जगभरचे वाचक इतकी वर्षं भांडतायत, ताईने भेंडी संपायच्या आत निकाल लावला. माझं मत वेगळं होतं, मी म्हटलं, “अगं पण आधी तिच्यावर लादलेलं होतं, आता ती स्वतः निवडते. फरक आहे.” ताईने विचार केला. “असेल. तिला निवडू दे. मी नाही कोणाच्या उशाशी बसणार आता. तू आजारी पडलास तर बायकोला सांग.”

ताईने जे निवडलं ते असं. बाबा एप्रिल २०१७ मध्ये गेले. वय ३७, आठ वर्षांची गॅप. कोण घेणार? आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. एक्साइज, व्हॅट, सर्व्हिस टॅक्स, ज्यांची वीस वीस वर्षं त्यात गेली होती तेही एका रात्रीत शिकाऊ झाले. ताईने दोन महिने रात्री बसून (रात्री जागायची सवय होतीच) नवे नियम पाठ केले आणि सप्टेंबरात भोसरीत पुन्हा लागली. आज तिच्या हाताखाली तिघं आहेत. “मला कुठल्या राजाने नाही, जीएसटीने सोडवलं,” असं ती म्हणते. जीएसटीबद्दल इतकं प्रेमाने बोलणारी ती मला माहीत असलेली एकमेव व्यक्ती.

मग फोल्डर काढलं आणि सांगितलं की सही मी करणार आहे, तू नाही. घर तुझ्या एकटीच्या नावावर करू.

मला वाटलं होतं ती नको नको म्हणेल आणि मग डोळे पुसेल. तसं काही झालं नाही. विळी बाजूला ठेवून तिने मला नीट निरखलं आणि विचारलं, “हे बाबांचं केल्याचे पैसे आहेत का?”

“म्हणजे?”

“पगार असेल तर नको. मी नोकरी करत नव्हते. माझे बाबा होते.”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरं तर माझ्या मनात तेच होतं, थकबाकी चुकती करायची आणि रात्री शांत झोपायचं. लोकल गेली, पेला वाजला. मी म्हटलं, “पगार नाही. माझं वाकडला घर आहे, तुझं हे आहे. मी अठराव्या वर्षी या घरातून गेलो, तू कधीच गेली नाहीस. या घरातली तू आहेस, एवढंच.”

“बरं,” ताई म्हणाली. “पण बायकोला विचारलंस का?”

(विचारलं नव्हतं. विचारल्यावर दोन दिवस घरात अबोला होता. घराबद्दल नाही, आधी विचारलं नाही म्हणून. म्हणजे मी अजूनही एओमरच.)

वकिलांकडे मसुदा बदलायला गेलो तर वेगळीच गंमत. त्यांच्याकडे तयार फॉरमॅट. ‘लिहून देणार’ बाई, ‘लिहून घेणार’ पुरुष, क्रियापदांसकट सगळं हार्डकोडेड. नावं उलटी केली तरी तीन ठिकाणी मी ‘लिहून देत आहे’च्या आसपास स्त्रीलिंगी राहिलो आणि एके ठिकाणी तर मी माझ्या भावावरील प्रेमापोटी हक्क सोडत होतो. तीन वेळा टेस्टिंग करून, लाल पेनाने बग मार्क करून दिले. वकील म्हणाले, “साहेब, पंचवीस वर्षांत हा कागद या बाजूने कधी लागलाच नाही.”

निबंधक कार्यालयात अंगठे, फोटो, सगळं होईस्तोवर दुपार झाली. ताईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, महिनाअखेर टळलेली. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यालो. ती म्हणाली, “काकांना मी सांगते. तू सांगितलंस तर भाषण करशील.” आणि भोसरीला जायला निघून गेली.

गेल्या महिन्यात एका लग्नात काकांनी कोणाशी तरी माझी ओळख करून दिली: “हा आमच्या थोरल्याचा. त्यांच्या घरातला आता हा एकटाच.” मी म्हटलं, “एकटा नाही, ताई आहे. ती काय, तिकडे पंगतीत.” काका म्हणाले, “हो हो, ती आहेच की.”

ती आहेच. म्हणून तर मोजायची राहते.

असो. आमटीच्या टेबलावर हे सगळं कसं सांगणार होतो? पुढच्या वेळी कोणी आवडतं पात्र विचारलं तर ‘हामा’ म्हणावं असं वाटतंय. हामा कोण हे विचारायला तरी कोणीतरी थांबेल.

चला, पोरगी उठली. आज ताईकडे जेवायला जायचंय. भेंडी मी चिरणार आहे.